साफ बेणे की नवे झाड? सत्तरीतल्या एका कसाव्याच्या पुनर्जननाचे प्रकरण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एका कुटुंबाच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, कडेने कसावा (टॅपिओका) लावलेला आहे. देठ लालसर, कंदाची साल पटकन सुटणारी, आणि उकडला की कंद पिठूळ होऊन फुटतो. त्या भागात काम करणाऱ्या एका वनस्पती पैदासकारांनी तो खाल्ला आणि हे झाड त्यांच्या मनात भरले. चव आणि शिजणे या दोन गुणांसाठी त्यांना ते संकरात एक पालक म्हणून हवे होते. दुसरा पालक मोझॅक या विषाणूजन्य रोगाला दाद न देणारा, केरळातून आणलेला. अडचण अशी की सत्तरीच्या या झाडांनाच मोझॅक होता. पानांवर फिकट पिवळे चट्टे, पान एका अंगाला मुरडलेले, शेंड्याकडची पाने बारीक.

आमच्या ऊतीसंवर्धन, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून बाटलीत रोपे वाढवणाऱ्या, प्रयोगशाळेकडे आलेली मागणी एका ओळीची होती: ‘या झाडाचे पुनर्जनन करून रोगमुक्त रोपे द्यावीत आणि पुढील पैदास कार्यासाठी पुनर्जनन पद्धत बसवावी.’ या ओळीत दोन कामे होती आणि ती दोन्ही एकाच शब्दाखाली घातलेली होती. पहिल्या कामात झाड होते तसेच परत यायला हवे. दुसऱ्या कामात पेशीपासून नवे झाड उभे करायचे असते, आणि ते जुन्यासारखेच निघेल याची हमी कोणी देत नाही. हे प्रकरण त्या दोन वाटांचे आहे. आमच्या मते कसाव्यात या दोन वाटांची सरमिसळ करणे ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट आहे.

गोव्यात कसावा काही मोठे पीक नाही. कंदांत मान सुरणाला, करांद्यांना, काटेकणगीला. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आपल्या किनाऱ्यावर आला असे मानतात, पण रुजला तो केरळात. तिथे त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी 1880 च्या दशकात त्याच्या लागवडीला चालना दिली. तिरुवनंतपुरमला केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था 1963 पासून आहे, आणि देशातले कसाव्याचे बहुतेक सुधारित वाण तिथलेच. आपल्या उपासाचा साबुदाणा याच कंदाचा, हे मात्र गोव्यातही अनेकांना ऐकून नवल वाटते.

रोगाची गोष्ट अशी. कसावा बियांपासून लावत नाहीत. खोडाची वीतभर कांडी तोडून जमिनीत रोवतात. खोडात विषाणू असेल तर प्रत्येक कांडीबरोबर तो पुढच्या हंगामात जातो. भारतात हा रोग दोन विषाणूंमुळे होतो, भारतीय कसावा मोझॅक विषाणू आणि श्रीलंकन कसावा मोझॅक विषाणू. दोन्हींची ने-आण पांढरी माशी करते. माशी शेजारच्या झाडापर्यंत नेते, पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात रोग नेतो तो माणूस, कांड्यांचा भारा घेऊन. एकदा झाडात शिरलेला विषाणू कुठल्याही फवारणीने जात नाही.

पैदासकाराला यात दुहेरी त्रास. रोगट झाडाचा खरा उतारा किती, कंद खरोखर किती भरतो, हे मोजताच येत नाही, कारण मोजमापात झाडाचा वाटा कुठे संपतो आणि रोगाचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. आणि बी लावून नवे झाड घ्यावे म्हटले तर कसावा जनुकांच्या बाबतीत इतका मिश्र आहे की एकाच फळातल्या तीन बियांची तीन वेगळी झाडे होतात. म्हणजे हवे होते ते हेच झाड, विषाणू वजा करून.

बेणे आणायला गेलो तेव्हा घरातल्या काकींनी विचारले, “पोरा, एवढ्याशा शेंड्यातून किती झाडं काढणार तू?”

“काकी, सगळा शेंडाही नाही घ्यायचा. त्याच्या आतला ठिपका घ्यायचा.”

“मग उरलेला पाला गुरांपुढे टाकू नको हां. लागतो तो गुरांना.”

त्यांनी सायनाइड हा शब्द कधी उच्चारला नसेल, पण जाणायचे ते जाणले होते. कसाव्याच्या पानांत आणि सालीत लिनामरिन नावाचे द्रव्य असते. पान चिरडले की त्यापासून हायड्रोजन सायनाइड सुटतो. गोड जातींच्या कंदात ते कमी असते म्हणून उकडून खाता येतो. पाल्यात मात्र ते भरपूर असते.

पहिली वाट: शेंड्याचा ठिपका

आणलेल्या कांड्या कुंड्यांत लावून फुटवे आणले आणि त्या कुंड्या काही आठवडे 35 ते 38 अंशांच्या उबदार कक्षात ठेवल्या. त्या उष्णतेत झाड वाढत राहते, पण विषाणूची वाढ मागे पडते. नव्या फुटव्याच्या अगदी टोकाशी, जिथे पेशी अजून नुसत्या विभागत असतात आणि रसवाहिन्या पोचलेल्या नसतात, तिथे विषाणू सहसा नसतो किंवा फारच थोडा असतो. हा गुणधर्म वापरून कसाव्यातला मोझॅक काढण्याचे काम 1970 च्या दशकातच झालेले आहे. त्यात नवे काही नाही, फक्त हात बसावा लागतो.

शेंडे साबणाच्या पाण्यात धुऊन, 70 टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ठेवून निर्जंतुक पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. आम्ही ते वापरत नाही. कोवळ्या शेंड्याला ते सोसत नाही, आणि पाऱ्याचे ते पाणी ओतायचे कुठे, याचे उत्तर कोणाकडेच नसते.

यापुढचे काम सूक्ष्मदर्शकाखालचे. कोवळी पाने सुईने एकेक करून बाजूला सारायची. कसाव्याला चीक असतो. पान खुडले की पांढरा थेंब येतो आणि बघता बघता सगळे दृश्य दुधाळ होऊन जाते. थांबायचे, निर्जंतुक पाण्याचा थेंब टाकायचा, टिपकागदाने टिपायचे, पुन्हा सुरू. शेवटी दोन बारीक पानकळ्यांच्या मध्ये एक घुमट दिसतो, ओला, चकचकीत, जवळपास पारदर्शक. खसखशीचा दाणाही याच्यापेक्षा मोठा. पाते घुमटाच्या खाली नेऊन एका झटक्यात उचलायचे, कारण हात रेंगाळला तर दिव्याच्या उष्णतेत तो वाळतो. तुकडा 0.2 ते 0.5 मिलीमीटर. त्याहून मोठा घेतला तर तो जगण्याची शक्यता वाढते, पण विषाणूही बरोबर येण्याची शक्यता वाढते. या दोन्हींचा तोल कुठे धरायचा ते हातालाच ठरवावे लागते.

तुकडा ज्यावर वाढवायचा ते पोषक माध्यम नेहमीचे, मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी दिलेले. त्यात 2 टक्के साखर, सामू 5.8 च्या आसपास. संप्रेरके अगदी जपून. यामागचे कारण सांगायला हवे, कारण मागणीतली सरमिसळ इथेच प्रत्यक्ष बाटलीत उतरते. संप्रेरक जास्त झाले तर घुमटाच्या बुडाशी कॅलस, म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा, सुटतो आणि त्या गोळ्यातून फुटवे येतात. फुटवा हिरवा, टवटवीत, कामगार खूश. पण तो फुटवा घुमटाचा नाही, गोळ्याचा आहे. तो पहिल्या वाटेवरून निघून गुपचूप दुसऱ्या वाटेवर गेला. म्हणून नियम केला: बुडाशी कॅलस दिसला की त्यावरून येणारा फुटवा घ्यायचा नाही, घुमट स्वतः लांबून पाने काढतो तोच पुढे न्यायचा.

बहुतेक घुमट तपकिरी पडून गेले. काही हिरवे झाले आणि तसेच बसून राहिले. थोडे वाढले. तेवढे पुरे होते, कारण कसावा एकदा बाटलीत उभा राहिला की पुढचे काम सोपे. रोपाचे पेर-पेर कापायचे, प्रत्येक पेरावर एक डोळा, तो संप्रेरक नसलेल्या माध्यमात टोचायचा, की डोळा फुटतो आणि मुळेही आपोआप येतात. तीनचार आठवड्यांत पुन्हा कापायला तयार. इथे नवी पेशीरचना घडत नाही. असलेला डोळाच वाढतो. झाड तेच राहते ते यामुळे.

बाटल्यांवर तारखेपेक्षा मोठा लिहिला होता घुमटाचा क्रमांक. एका घुमटापासून आलेली सगळी रोपे एका कुळातली. विषाणूची तपासणी पीसीआरने, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने, केली, आधी बाटलीतल्या पानांवर, मग जाळीघरात मोठ्या झालेल्या रोपांवर. बाटलीत विषाणू इतका कमी असू शकतो की तपासणी त्याला ओलांडून जाते, म्हणून दुसऱ्या फेरीशिवाय ‘रोगमुक्त’ हा शब्द वापरायचा नाही असे ठरवले होते. दुसऱ्या फेरीत एका कुळातल्या एका रोपात विषाणू सापडला. त्या क्रमांकाच्या दिसतील तेवढ्या सगळ्या बाटल्या नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या भांड्यात, गेल्या, चांगल्या दिसणाऱ्यासुद्धा. नव्या मुलांना हे पाहवत नाही. पण एकेका रोपावर दया दाखवायची तर क्रमांक लिहिण्याला अर्थच राहत नाही.

दुसरी वाट: भ्रूणाची

पैदासकार सरांची दुसरी मागणी अनाठायी नव्हती. डोळ्यावर उत्परिवर्तन घडवले तर त्यातल्या काही पेशी बदलतात, काही नाही, आणि झाड ठिगळांचे निघते. जनुक संपादन करायचे तर बदललेल्या एका पेशीपासून पूर्ण झाड उभे करता यायला हवे. त्यासाठी कसाव्यात कायिक भ्रूणांची, म्हणजे बीजाविना साध्या पेशींपासून भ्रूण तयार करण्याची, पद्धत आहे. बाटलीतल्या रोपाच्या अगदी कोवळ्या पानांच्या पाती पिक्लोराम या संप्रेरकासारख्या रसायनाच्या माध्यमावर, लिटरला 12 मिलीग्रॅम, अंधारात ठेवतात. कडांवर भ्रूणांचे पुंजके येतात. कसाव्यात कायिक भ्रूण होतात हे स्टँप आणि हेनशॉ यांनी 1982 मध्ये दाखवले. पुंजक्यांपासून ग्रेशॉफ-डॉय माध्यमावर भुसभुशीत भ्रूणक्षम कॅलस करायची युक्ती 1996 ची, आणि त्याच वर्षी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’च्या एकाच अंकात कसाव्याच्या जनुकांतरणावर, म्हणजे त्यात बाहेरचे जनुक घालण्यावर, एकापाठोपाठ शोधनिबंध आले. जगभर हे काम बहुतांश टीएमएस 60444 या आफ्रिकी वाणावर होते, कारण तो ऐकतो. आपला गावठी वाण ऐकेलच असे नाही.

सत्तरीच्या झाडाने पुंजके दिले. पिवळट, चमकदार, बघायला सुंदर. पण पिक्लोराम काढून नॅफ्थॅलीन अॅसेटिक आम्ल या दुसऱ्या संप्रेरकाच्या माध्यमावर नेले तेव्हा बरेच भ्रूण हिरव्या दलपत्रांपाशी थांबले. जाड, वाकडी, पानासारखी दिसणारी दलपत्रे, पण मधे शेंडा नाही. बेंझिल अॅडेनिन या फुटवे आणणाऱ्या संप्रेरकावर काहींना शेंडे आले. भुसभुशीत कॅलसचा प्रयत्न अर्ध्यावर राहिला. तो जुना होत गेला तशी त्याची झाड देण्याची ताकद गेली, जे कसाव्यात नेहमीच घडते. त्यातच पावसाळ्यात वारंवार वीज गेली. जनरेटर दिवे आणि लॅमिनार (निर्जंतुक हवेचे कामाचे टेबल) सांभाळतो, ग्रोथ रूमचे एसी नाही. खोली तापते, थंड होते, पुन्हा तापते. बाटलीतली हवा त्याबरोबर आतबाहेर होते, झाकणाच्या आत पाणी सुटते आणि आठवड्याभराने बुरशी दिसायला लागते. गोव्यात हे काम करायचे तर पिक्लोरामच्या बाटल्या पाऊस सुरू व्हायच्या आत पुढच्या टप्प्याला न्याव्यात, असे मी आता ठामपणे सांगेन.

जी थोडी रोपे भ्रूणांपासून उभी राहिली, त्यातल्या काहींची पाने सुरुवातीला एका पातीची होती. ते बालपण असू शकते, कसावा मोठा होताना पातींची संख्या वाढते. पण काकींच्या झाडाचीच आहेत असे म्हणून ती रोपे हवाली करायला मी तयार नव्हतो. सरांचे म्हणणे वेगळे होते: “रोपं चांगली दिसताहेत. दोन्ही पालक याच पद्धतीनं वाढवू, वेळ वाचेल.”

वेळ वाचत नाही हा भाग वेगळा. खरा मुद्दा दुसऱ्या पालकाचा होता. आफ्रिकेत मोझॅकला प्रतिकार करणाऱ्या वाणांचे काही गट आहेत. त्यातल्या सीएमडी2 गटातल्या वाणांबाबत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले काम असे सांगते: हे वाण कायिक भ्रूणांच्या वाटेने पुनर्जनित केले की मोझॅकचा प्रतिकार गमावतात. जनुक घातले नाही, औषध दिले नाही, नुसते भ्रूणातून काढले, तरी. सीएमडी1 आणि सीएमडी3 गटातल्या वाणांचा प्रतिकार मात्र टिकला. रोपे दिसायला ठणठणीत. विषाणू आल्यावर कळते. 2022 मध्ये याच कोड्याचा पुढचा भाग आला: सीएमडी2 चा प्रतिकार डीएनए पॉलिमरेज डेल्टा या डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराच्या एका घटकाच्या जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाशी जोडला गेला.

आमच्या हातातला केरळाकडचा प्रतिकारक पालक कोणत्या गटातला, याचा कागद त्याच्याबरोबर आला नव्हता. कागद नाही म्हणजे धोका पत्करायचा नाही, असा माझा हिशेब. ज्या एका गुणासाठी तो पालक आणला तोच गुण प्रयोगशाळेत सांडून ठेवायचा आणि मग तीन वर्षे संकरित रोपांत त्याला शोधत बसायचे, याला काय म्हणावे! सर हे वाचून आले आणि वाद तिथेच मिटला. दोन्ही पालक घुमट आणि पेर या वाटेनेच वाढवायचे. भ्रूणाची वाट बंद करायची नाही, पण तिथून येणाऱ्या प्रत्येक रोपाला बियाच्या रोपासारखे धरायचे: नवे नाव, नवी चाचणी.

बाटलीबाहेर

हार्डनिंगबद्दल, म्हणजे बाटलीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावण्याबद्दल, पुस्तकांत एक परिच्छेद असतो, आणि रोपे सर्वांत जास्त मरतात ती तिथेच. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नीट नसतो, त्यामुळे कोरड्या हवेत ते तासाभरात लोळते. गोव्याच्या जून-जुलैत आर्द्रता फुकट मिळते म्हणून आम्ही पावसात बाहेर काढायचे ठरवले. आर्द्रता मिळाली, पण ऊन नाही. रोपे उंच, फिकट, लुसलुशीत झाली आणि बुडाशी कुजायला लागली. मुळांना चिकटलेला अगार, म्हणजे माध्यमाचा जेलीसारखा गोळा, धुण्यात कसूर राहिली की साखर राहते आणि बुरशीला निमंत्रण मिळते. कोकोपीटमध्ये अर्धी वाळू घातली, पाणी अर्ध्यावर आणले, प्लास्टिकचे आच्छादन दिवसातून थोडे थोडे उघडत नेले, तेव्हा रोपे सावरली. पुढच्या खेपेला रोपे सप्टेंबरच्या शेवटी बाहेर काढली आणि ते जास्त बरे ठरले, एका अटीवर: पाऊस थांबला की पांढरी माशी वाढते, तेव्हा जाळी बारीक हवी आणि दार दुहेरी हवे. साध्या शेडनेटमधून माशी आरामात जाते.

संकराचे काम आता सुरू आहे. कसावा जिथे फांद्या फुटतात तिथे फुलतो, आणि एकाच तुऱ्यात मादी फुले आधी उघडतात, नर फुले आठवडाभर किंवा जास्त उशिरा. त्यामुळे नराचे परागकण दुसऱ्या, आधी फुललेल्या झाडावरून आणावे लागतात. केरळाकडचा पालक लवकर फांदतो, सत्तरीचा उशिरा. दोन्हींची वेळ जुळवण्यासाठी एकाची लागवड पुढे-मागे करावी लागली. फळ पिकले की तडकून बी उडते, म्हणून प्रत्येक फळावर कापडी पिशवी. मिळून बी थोडेच आले आहे, आणि त्या बियांतून एखादे कामाचे झाड निघायला वर्षे जातील, हे सरांनाही ठाऊक आहे.

काकींना घुमटाच्या कुळातली रोपे द्यायची आहेत. अट एकच: जुनी झाडे उपटून, त्यांची खोडे जाळून मगच नवी लावायची, नाहीतर एका हंगामात माशी सगळे पूर्ववत करेल. काकी तयार आहेत, पण कंद काढल्यावर. रानडुकरे आधी काढतील की काकी, हा त्यांचा दरवर्षीचा सवाल.

भ्रूणांपासून आलेली रोपे पालकांच्या रांगेत लावलेली नाहीत. ती संकरित बियांच्या रोपांशेजारी वेगळ्या वाफ्यात आहेत. मधे घुमटाच्या कुळातली रोपे तुलनेसाठी ठेवली आहेत. मोझॅक दिसतो का, पहिली फांदी किती उंचीवर फुटते, देठाचा लाल रंग टिकतो का, हे नोंदवणे चालू आहे. उकडून बघायला अजून कंद धरायचे आहेत.